फाइल हरवली, बिघडली की नुसतीच सापडत नाही?

विंडोज ११ बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. १ नोव्हेंबर २०२१ रोजी काही संगणकांवर पडद्याचे चित्र टिपणारे स्निपिंग टूल एकाएकी उघडेनासे झाले. काही ठिकाणी पडद्यावरचा कीबोर्ड आणि इमोजींची चौकट यांचीही तीच गत झाली. फाइली जागच्या जागी होत्या, त्यांच्यातला एकही बाइट बदललेला नव्हता आणि कोणताही व्हायरस शिरलेला नव्हता. ही साधने मायक्रोसॉफ्टच्या ज्या डिजिटल प्रमाणपत्रावर विसंबून होती, त्याची मुदत आदल्या दिवशी म्हणजे ३१ ऑक्टोबरला संपली होती, एवढेच कारण होते. त्या दिवशी कोणी सगळी विंडोज पुसून तीच प्रत पुन्हा टाकली असती, तरी स्निपिंग टूल उघडले नसते. पुढे नोव्हेंबरमध्येच मायक्रोसॉफ्टने अपडेट दिले आणि प्रश्न मिटला.

घरच्या संगणकावर विंडोजबरोबर येणारे एखादे साधन, मग ते चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारे टास्क मॅनेजर असो, कॅल्क्युलेटर असो, आज्ञा टंकून द्यायची कमांड प्रॉम्प्टची खिडकी असो किंवा पडद्यामागे चालणारी एखादी डीएलएल फाइल असो, चालेनासे झाले की आपण लगेच ‘फाइल करप्ट झाली’ असे म्हणून मोकळे होतो. वास्तविक ‘चालत नाही’ या एका तक्रारीमागे निरनिराळी कारणे असतात आणि त्यांतल्या काहींमध्येच फाइल खरोखर बिघडलेली असते. ती बिघडली असेल तर तिची डागडुजी होत नाही; बिघडलेली प्रत काढून तिच्या जागी विश्वासू मूळ प्रत ठेवली जाते. म्हणून दुरुस्तीचा सगळा प्रश्न अखेर दोन गोष्टींपाशी येऊन थांबतो: फाइल खरोखर बिघडली आहे का, आणि तिची सत्यप्रत कोठून मिळणार.

पहिल्या प्रश्नात सर्वांत फसवे प्रकरण म्हणजे पाथचे. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग किंवा आयपीकॉन्फिग असे नेहमीचे नाव टंकावे आणि ‘अशी कोणतीही अंतर्गत वा बाह्य आज्ञा ओळखता येत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश यावा, की फाइल उडाली अशी समजूत होते. प्रत्यक्षात आपण नुसते नाव टंकतो तेव्हा ते साधन कोणकोणत्या फोल्डरांत शोधायचे, याची एक यादी विंडोज बाळगून असते. त्या यादीला पाथ म्हणतात. ही साधने सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२ या फोल्डरात राहतात. यादीतून त्या फोल्डराचा पत्ता गळला, की घर जागेवर असूनही टपाल पोहोचत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात जावाचा पाथ ‘सेट’ करताना ही चूक हमखास होते. विंडोज ८.१ पर्यंत ही सगळी यादी एका अरुंद चौकटीत एकाच ओळीत दिसत असे आणि ती चौकट उघडताच सगळा मजकूर निवडलेला असल्यामुळे नवा पत्ता चिकटवताच जुनी यादी पुसली जाई. विंडोज १० मध्ये प्रत्येक पत्ता वेगळ्या ओळीवर दिसू लागला आणि हा अपघात कमी झाला. तरी सेटएक्स या आज्ञेने पाथ बदलणाऱ्यांना आजही फटका बसतो, कारण ती आज्ञा १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते. याची परीक्षा सोपी आहे. साधनाचे नुसते नाव न देता फाइलचा पूर्ण पत्ता टंकावा. तसे केल्यावर ते चालले, तर फाइल धडधाकट आहे आणि दुरुस्ती पाथच्या यादीची करायची आहे.

दुसरा प्रकार अडवणुकीचा. टास्क मॅनेजर उघडू पाहताच ‘तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने ते बंद केले आहे’ असा संदेश येतो आणि घरात ॲडमिनिस्ट्रेटर तर आपणच असतो. येथेही फाइल शाबूत असते. रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीत टास्क मॅनेजर बंद ठेवण्याची एक नोंद करण्याची सोय आहे. ती मुळात कार्यालयांसाठी आणि संगणक-कक्षांसाठी केलेली, परंतु घातक प्रोग्रॅमही तिचा उपयोग करून घेतात, कारण टास्क मॅनेजर उघडला की त्यांचे बिंग फुटते. अशा वेळी नुसती नोंद काढली तर ती पुन्हा उगवते. आधी विंडोज सिक्युरिटीतील मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवावी, जी विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच डिस्क तपासते, आणि त्यानंतरच नोंदीला हात घालावा.

कधी साधन निर्मात्यानेच काढून घेतलेले असते आणि त्याबद्दल रागावण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. वर्डपॅड हे त्याचे ताजे उदाहरण. १९९५ पासून विंडोजबरोबर येणारा हा साधा लेखन-प्रोग्रॅम विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून नाही. अपडेटनंतर तो दिसेनासा झाला म्हणून दुरुस्तीच्या आज्ञा चालवत बसणे व्यर्थ आहे, कारण त्या आज्ञांच्या लेखी तो हरवलेलाच नाही. टेलनेटसारखी काही जुनी साधने मात्र काढलेली नसून बंद ठेवलेली असतात आणि ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत खूण केली की परत येतात.

कॅल्क्युलेटर, फोटो आणि विंडोज ११ मधील नोटपॅड व पेंट यांची तऱ्हा आणखी निराळी आहे. दिसायला ही जुनीच साधने असली, तरी आता ती मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येणाऱ्या ॲपच्या रूपात असतात आणि सिस्टिम३२ ऐवजी वेगळ्या, सहसा न उघडणाऱ्या फोल्डरात राहतात. त्यांच्यासाठी सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत जाऊन त्या ॲपचे प्रगत पर्याय उघडावेत. तेथे रिपेअर आणि रीसेट अशी दोन बटणे मिळतात. रिपेअरने ॲपमधली आपली माहिती जात नाही, रीसेटने जाते. त्यामुळे क्रम हाच ठेवावा. दोन्हींनी भागले नाही, तर ॲप काढून स्टोअरमधून पुन्हा घ्यावे.

आता ज्यापायी सर्वाधिक लोक फसतात त्या प्रकाराकडे वळू. एखादा गेम किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम उघडताना ‘व्हीसीरनटाइम१४० डॉट डीएलएल सापडत नाही’ असा संदेश येतो. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅमांना सामाईक लागणाऱ्या कामांची फाइल. प्रत्येकाने आपापली चूल मांडण्याऐवजी एकाच स्वयंपाकघरातून सर्वांनी वाढून घ्यावे, तशी ही व्यवस्था आहे. ही विशिष्ट फाइल विंडोजची नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ या प्रोग्रॅमिंग साधनाने तयार केलेल्या प्रोग्रॅमांना ती लागते आणि ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ या नावाच्या मोफत संचातून ती येते. हा संच मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवून बसवला की पाच मिनिटांत काम होते. विंडोज ६४ बिटची असली, तरी प्रोग्रॅम ३२ बिटचा असू शकतो, म्हणून संचाच्या दोन्ही आवृत्त्या बसवणे श्रेयस्कर.

याऐवजी बहुतेक जण फाइलचे नाव शोधयंत्रात टाकतात आणि सुट्या डीएलएल फाइली फुकट देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर पोहोचतात. तेथून घेतलेल्या फाइलची आवृत्ती कोणती, ती कोणी व कोठून उचलली, तिच्यात कोणी काही मिसळले का, यांतले काहीही कळायला मार्ग नसतो. आणि ती आपण नेऊन ठेवतो ती थेट सिस्टिम३२ मध्ये. त्यात नावांचाही घोळ आहे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ६४ बिटच्या फाइली सिस्टिम३२ या फोल्डरात असतात आणि ३२ बिटच्या फाइली सिसवाव६४ या फोल्डरात. नावावरून याच्या अगदी उलट वाटते. त्यामुळे फाइल निर्मळ मिळाली, तरी ती चुकीच्या फोल्डरात जाण्याची शक्यता उरतेच. रस्त्यावर मिळालेली किल्ली घराच्या कुलपाला लावून पाहावी, तसला हा उद्योग आहे आणि माझ्या मते तो कोणत्याही परिस्थितीत करू नये.

इतके सगळे वगळल्यावर खरे बिघाड उरतात. त्यांचे एक कारण आपल्याकडे परिचयाचे आहे: अपडेट चालू असताना वीज जाणे. विंडोज ज्या एनटीएफएस पद्धतीने डिस्कवर फाइली ठेवते, ती पद्धत फाइलचे नाव, आकार, जागा या नोंदी अचानक वीज गेल्यावरही जुळवून घेण्याची काळजी घेते, मात्र फाइलच्या आतल्या मजकुराची तशी हमी देत नाही. परिणामी फाइल दिसते, तिचा आकारही बरोबर दिसतो, आणि आत मात्र शून्येच भरलेली असतात. याशिवाय झिजलेली डिस्क असते, सदोष रॅम असते, आणि क्वचित रक्षकच भक्षक होतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीतील एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरातील असंख्य संगणक पुन:पुन्हा बंद-चालू होत राहिले. म्हणून साधन नाहीसे झाले की अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे त्याने बाजूला काढून ठेवलेल्या फाइलींत, एकदा डोकावावे.

विंडोजला स्वतःच्या फाइलींची सत्यप्रत स्वतःजवळ बाळगण्याची कल्पना विंडोज २००० मध्ये आली. तेव्हा महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती डीएलएलकॅश नावाच्या लपवलेल्या फोल्डरात ठेवलेल्या असत आणि तेथे प्रत मिळाली नाही, तर विंडोज सीडी मागत असे. आपल्याकडे सुटे भाग जोडून घेतलेल्या संगणकांच्या त्या काळात सीडी बहुधा संगणक जोडून देणाऱ्याच्या पिशवीत परत गेलेली असायची, ती गोष्ट वेगळी. व्हिस्टापासून ही व्यवस्था बदलली. सिस्टिमच्या फाइलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या अंतर्गत खात्याकडे गेली, त्यामुळे ॲडमिनिस्ट्रेटरलाही त्या सहजासहजी बदलता येत नाहीत. आणि सर्व घटकांचे कोठार विनएसएक्सएस या फोल्डरात आले.

हे कोठार नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण दुरुस्तीचा क्रम त्यावरूनच ठरतो. सिस्टिम३२ मधील फाइल आणि कोठारातील तिची प्रत या बहुतांशी दोन वेगळ्या फाइली नसतात. डिस्कवर मजकूर एकदाच लिहिलेला असतो आणि त्याला दोन ठिकाणांहून दोन नावे दिलेली असतात. एकाच माणसाला घरी बंडू आणि शाळेत बाळकृष्ण म्हणावे तसे. या जोडणीला हार्ड लिंक म्हणतात. यामुळे जागा वाचते. फोल्डरचा आकार पाहताना तोच मजकूर दोनदा मोजला जातो, म्हणून विनएसएक्सएस भलताच फुगलेला दिसतो, आणि तो पाहून कित्येक जण त्यातल्या फाइली हाताने पुसायला जातात, जे मुळीच करू नये. परंतु याची दुसरी बाजूही आहे. कोणी सिस्टिम३२ मधले नाव पुसले, किंवा त्या नावाखाली दुसरीच फाइल आणून ठेवली, तर कोठारातल्या नावाखाली मूळ मजकूर सुखरूप राहतो. डिस्कवरचा तो मजकूरच खराब झाला, तर मात्र दोन्ही नावे एकदम निकामी होतात. बंडू आजारी पडल्यावर बाळकृष्णाला शाळेत कसे पाठवणार?

पहिल्या परिस्थितीसाठी सिस्टिम फाइल चेकर म्हणजे एसएफसी हे साधन आहे. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावे आणि आज्ञा रोमन लिपीत टंकावी: एसएफसी ही तीन अक्षरे, मग एक मोकळी जागा, मग उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅन व नाऊ हे दोन शब्द एकमेकांना जोडून. एसएफसी प्रत्येक संरक्षित फाइलच्या मजकुरावरून हॅश नावाचा एक लांबलचक आकडा काढते. मजकुरातला एक बाइट बदलला तरी हा आकडा साफ बदलतो. कोठारातील नोंदीशी तो जुळला नाही, तर कोठारातली प्रत आणून ठेवली जाते. शेवटी सहसा तीनपैकी एक निकाल मिळतो: बिघाड आढळला नाही, बिघाड आढळला आणि दुरुस्त झाला, बिघाड आढळला, पण काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत. एसएफसी आपली कागदपत्रे, फोटो किंवा बाहेरून बसवलेले प्रोग्रॅम तपासत नाही; वर सांगितलेल्या व्हीसीरनटाइमच्या तक्रारीवर ‘बिघाड आढळला नाही’ हे उत्तर येते, ते त्यामुळेच.

तिसरा निकाल आला, तर कोठारातली प्रतही गेली असे समजावे. तेथे डिझम हे दुसरे साधन लागते. त्याच्या आज्ञेत डिझम (डी, आय, एस, एम ही चार रोमन अक्षरे) या नावापुढे तीन शब्द येतात, ऑनलाइन, मधल्या आडव्या रेघेने जोडलेले क्लीनअप-इमेज आणि सलग लिहिलेले रिस्टोअरहेल्थ. प्रत्येकाआधी एक मोकळी जागा आणि शब्दाला चिकटून तिरकी रेघ. येथे ऑनलाइन या शब्दाचा इंटरनेटशी संबंध नाही, सध्या चालू असलेली विंडोज एवढाच त्याचा अर्थ आहे. गंमत अशी की इंटरनेट तरीही लागतेच, कारण कोठारातील खराब घटकांच्या चांगल्या प्रती डिझम विंडोज अपडेटकडून मागवते. हे काम मध्येच एखाद्या टक्क्यावर बराच वेळ थबकते, आणि अधीर होऊन खिडकी बंद करणाऱ्यांमुळे नवे घोळ होतात. चहा करून, पिऊन, कप विसळून यावे. डिझमने कोठार सुधारले की एसएफसी पुन्हा चालवावे लागते. मायक्रोसॉफ्टची सूचना तर आधी डिझम आणि मग एसएफसी असाच क्रम ठेवण्याची आहे आणि हार्ड लिंकचा प्रकार कळल्यावर ती पटते. ज्या कोठारावर भरवसा ठेवून दुरुस्ती करायची, ते आधी तपासलेले बरे.

विंडोज अपडेटशी संपर्क होत नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजची आयएसओ फाइल, म्हणजे विंडोज बसवण्याची सगळी डिस्क एकाच फाइलीत बांधलेली प्रत, उतरवून त्यातील इन्स्टॉल फाइल डिझमला मूळ प्रत म्हणून दाखवता येते. मात्र ती आपल्या विंडोजच्याच आवृत्तीची आणि भाषेची असली पाहिजे. दुकानातून ‘हलकी’ केलेली विंडोज टाकून घेतलेल्यांना येथे निराश व्हावे लागते, कारण त्यात घटक आधीच छाटलेले असतात आणि डिझमच्या हिशेबाचा ताळमेळ बसत नाही.

संगणक सुरूच होत नसेल, तर विंडोज रिकव्हरीचा निळा पडदा गाठावा लागतो. सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले की तो सहसा आपोआप येतो. नाहीतर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. तेथील कमांड प्रॉम्प्टमधून एसएफसी चालवता येते, परंतु तेव्हा डिस्कवरची विंडोज झोपलेली असल्यामुळे ती कोणत्या ड्राइव्हवर आहे, हे आज्ञेत वेगळे सांगावे लागते. आपला नेहमीचा सी ड्राइव्ह येथे डी किंवा ई या नावानेही दिसू शकतो, म्हणून ड्राइव्हमधील फोल्डर आधी डोळ्यांनी पाहावेत. याच पडद्यावर सिस्टिम रिस्टोअर असते. बिघाडापूर्वीची एखादी नोंद शिल्लक असेल, तर सिस्टिमच्या फाइली आणि रजिस्ट्री त्या दिवशीच्या स्थितीला नेता येतात, कागदपत्रांना हात न लावता. अनेक संगणकांवर ही सोय बंद असते आणि ते कळते नेमके गरजेच्या दिवशी. ती आजच तपासून ठेवावी.

एसएफसी आणि डिझम दोन्ही हरले, तरी सगळे पुसण्याची वेळ आलेली नसते. विंडोज चालू असतानाच आयएसओ फाइल उघडून तिच्यातला सेटअप चालवावा आणि वैयक्तिक फाइली व ॲप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडावा. सिस्टिमचा सगळा भाग नव्याने बसतो आणि प्रोग्रॅम व कागदपत्रे जागेवर राहतात. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील रिकव्हरीच्या पानावर हेच काम विंडोज अपडेटमार्फत करणारे बटण आले आहे. ‘रीसेट धिस पीसी’ हा मात्र वेगळा मार्ग आहे. त्यात ‘माझ्या फाइली ठेवा’ असे निवडले, तरी बाहेरून बसवलेले प्रोग्रॅम जातात. रीसेटच्या नावावर विसंबून टॅलीसारखा प्रोग्रॅम गमावल्यावर तो पुन्हा बसवून परवाना जुळवण्यात एक दिवस जातो.

दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवसांनी एसएफसी पुन्हा एकदा चालवावे. बिघाड परत दिसला, त्यातही दर वेळी वेगळ्याच फाइली निघाल्या, तर दोष विंडोजमध्ये शोधू नये. विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिकने रॅम तपासावी आणि डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या स्मार्ट नावाच्या नोंदी ठेवते, त्या एखाद्या विश्वासू साधनाने वाचाव्यात. डिस्क मरणपंथाला लागल्याची खूण दिसली, तर डिस्कमधले दोष शोधणारे चेकडिस्क किंवा डिझम यांसारखी डिस्क ढवळणारी कामे तिच्यावर चालवण्याआधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, आणि मग नवी डिस्क बसवून तिच्यावर विंडोज टाकावी.